मोजकाठीची सपात

उंच उडीच्या सामन्याला वीस मिनिटं उरली होती आणि व्यायामशाळा सांभाळणाऱ्या काल्बोवाबाई कमरेवर हात ठेवून रबरी धावपट्टीच्या मधोमध उभ्या होत्या. समोर मुख्य पंच व्हावर्काका, हातात अडीच मीटरची मोजकाठी.

"ही काठी माझ्या रबरावर टेकणार नाही," काल्बोवाबाई म्हणाल्या.

"मग काय हवेत धरून मोजू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. बूड लोखंडाचं आहे तिचं. रबराला खळगा पडला तर जबाबदार कोण?"

"अहो बाई, आत्ता इथे बारा पोरं खिळ्यांचे बूट घालून उड्या मारणार आहेत."

"खिळे चालतात. रबर खिळ्यांसाठीच आणलंय. काठीसाठी आणलंय असं मला कुणी सांगितलेलं नाही."

चाळीस वर्षं व्हावर्काकांनी सरकारी मोजणीखात्यात काढली होती. द्राक्षमळ्याच्या बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ त्यांच्या एका शब्दावर गप्प बसत. पण काल्बोवाबाईंपुढे आमच्या गावात कुणाचंच काही चालत नाही. त्यातून हे रबर त्यांचं फारच लाडकं. बारा वर्षं अर्ज करकरून ते मिळालं, आणि मिळालं त्या दिवसापासून बाईंनी नियम केला की उडी मारणारा सोडून रबरावर येणाऱ्या बाकी सगळ्यांनी दारात बूट काढायचे आणि टोपलीतल्या सपाता घालायच्या. जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, करड्या रंगाच्या वीस जोड्या. आता दारात बूट काढून सपाता घालणं हे आम्हाला जन्मापासूनच ठाऊक. त्यामुळे काळा कोट, गळ्यात टाय आणि पायांत सपाता अशा थाटात पाच पंच खुर्च्यांवर बसले होते आणि त्यात कुणालाही हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

भांडण लांबत चाललं तसा लुबोर मातुश्का अस्वस्थ व्हायला लागला. गरम केलेले पाय गार पडत होते. लुबोर आमच्या शाळेत भूगोल शिकवतो. वय चौतीस. आठ वर्षांपूर्वी त्याने दोन मीटर सत्तावीस सेंटीमीटरची उडी मारली आणि तेव्हापासून तो तिथेच अडकला. युरोपच्या बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धेला जायचं तर महासंघाला दोन अठ्ठावीस हवे होते. एक सेंटीमीटर. आठ वर्षांत त्याने त्यासाठी बिअर सोडली, सुट्ट्या सोडल्या, डाव्या घोट्यावर दोनदा शस्त्रक्रिया करून घेतली. यादी आज संध्याकाळी बंद होणार होती आणि त्याने गावभर सांगून ठेवलं होतं की आज नाही जमलं तर बूट खुंटीला.

"काका, कशाला वाद घालताय?" तो वैतागून म्हणाला. "सगळ्यांना सपाता घातल्यात ना बाईंनी, मग काठीलाही घाला एक. तिनेच काय घोडं मारलंय?"

सगळे खो खो हसले. काल्बोवाबाई हसल्या नाहीत. त्यांना ते पटलं. त्यांनी टोपलीतून एक डावी सपात उचलली, काठीचं बूड तिच्यात बसवलं, वरून दोरीने करकचून आवळलं आणि म्हणाल्या, "आता मोजा किती मोजायचं ते."

सामना वेळेवर सुरू झाला.

आमच्याकडे उंच उडी गाण्यावर होते. प्रत्येकाने आपलं गाणं आधी देऊन ठेवायचं, त्याची पाळी आली की ते मोठ्याने लागतं आणि सगळा हॉल ठेक्यात टाळ्या वाजवतो. लुबोरचं गाणं म्हणजे पितळी वाद्यांवरची पोल्का, नाचाची धून. त्याच्या वडिलांच्या बँडची, आणि त्यात तुतारी वडिलांचीच. ते जाऊन सहा वर्षं झाली.

पहिल्या तासातच काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. लात्वियाचा एडगार्स, ज्याने गेल्याच आठवड्यात दोन तीस मारली होती, तो दोन चोवीसला तीनदा दांडी पाडून बाहेर पडला. दोन पोलिश पोरं दोन पंधरालाच गारद झाली. दांडी आज जरा जास्तच उंच वाटतेय, असं एडगार्सने मोडक्यातोडक्या चेक भाषेत आयोजक सेदाला सांगितलं.

"उंच उडी आहे बाबा," सेदा म्हणाला. "उंचच असणार." मग बाजूला येऊन तो व्हावर्काकांच्या कानात पुटपुटला, "दुपारी उकडलेल्या पिठाचे सहा जाड क्नेडलिक हाणले त्याने. बदकाबरोबर. मी मोजत होतो."

एका तरुण पंचाने मात्र चाचरत विचारलं, "काका, खांबावरच्या खुणा आपल्या काठीशी जुळत नाहीयेत. खांब एक सेंटीमीटर जास्त दाखवतोय."

"खांब कारखान्यात बनतो," व्हावर्काकांनी त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं. "काठी मी स्वतः तपासलीय. काल, दोनदा."

मोजणीखात्याच्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? तरुण पंच परत खुर्चीवर जाऊन बसला.

शेवटी मैदानात एकटा लुबोर उरला. दोन सत्तावीसला त्याच्या पहिल्या दोन उड्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी पोल्का लागली, चारशे माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि तो इतका स्वच्छ वरून गेला की दांडी हललीसुद्धा नाही. लोक बाकांवर उभे राहिले. लुबोर गादीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला. उडी सत्तावीसचीच होती. पुन्हा तेच सत्तावीस.

व्हावर्काकांनी दांडी एक सेंटीमीटर वर नेली, सपातीतली काठी खाली टेकवून तीनदा वाचली आणि मान हलवली. दोन अठ्ठावीस. पहिली उडी पाठीने घालवली. दुसरी टाचेने. तिसरीला त्याचं सगळं अंग पार गेलं, फक्त पोटरी निसटती लागली. दांडी थरथरली, थांबते की काय असं वाटलं, आणि मग सावकाश खाली आली. पोल्का अजून वाजतच होती. ती बंद करायचं कुणाच्या ध्यानात येईना.

प्रागहून आलेले महासंघाचे रेझ्निचेकसाहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी कागदावर दोन सत्तावीस लिहिलं, व्हावर्काकांनी सही केली, ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर झाला.

तेवढ्यात सेदाने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "मंडळी, कुणी जाऊ नका. आपल्या लुबोरचा आज निरोप आहे."

निरोप आमच्याकडे थोडक्यात उरकत नाहीत. आधी नगराध्यक्ष बोलले. मग मुख्याध्यापिका बोलल्या. मग अग्निशामक दलाने वाईनची पेटी दिली आणि दलप्रमुख, ज्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, तेही बोलले. शेवटी सेदाने काचेची एक जाडजूड ढाल आणली. तिच्यावर सुरेख अक्षरांत कोरलं होतं: लुबोर मातुश्का, २.२७.

लुबोर ढालीकडे बघत राहिला. "इतक्या लवकर कोरून कसं आणलंत?"

"मागच्या मंगळवारीच टाकलं होतं कोरायला," सेदा अभिमानाने म्हणाला. "आठ वर्षं बघतोय रे तुला. खात्रीच होती."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. लुबोरने आभार मानले. त्याला रडू येत होतं, आणि लोकांना वाटलं की प्रेमाने भरून आलंय. तोही भला माणूस, म्हणून मग सगळ्यांची नावं घेऊन बोलत बसला. सगळं मिळून चाळीस मिनिटं झाली.

लोक पांगले तशा काल्बोवाबाई टोपली घेऊन सपाता गोळा करायला लागल्या. "एक डावी कमी आहे," त्या ओरडल्या. "माझी सपात कुणी पळवली?"

"काठीला आहे, बाई," लुबोर म्हणाला. काठी खांबांच्या मधे दांडीला टेकून तशीच उभी होती, दांडी पुन्हा सत्तावीसवर ठेवलेली, ढालीबरोबर फोटो काढायला. तो वाकला, दोरी सोडली आणि सपात काढून घेतली.

काठी खाली गेली. फार नाही. अंगठ्याच्या जाडीएवढी.

लुबोर तसाच वाकलेला राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका. जरा इकडे या."

व्हावर्काकांनी खिशातून पट्टी काढली आणि सपातीचा तळ मोजला. दोन वेळा. मग तिसऱ्यांदा, चष्मा पुसून. "तेरा मिलीमीटर," ते म्हणाले, आणि बाकावर बसले.

"म्हणजे सत्तावीस म्हणून मी जे मारलं..."

"अठ्ठावीस. वर तीन मिलीमीटर."

"आणि जे पाडलं?"

"एकोणतीस," काका म्हणाले.

लुबोर धावत दाराशी गेला. रेझ्निचेकसाहेब बाकड्यावर बसून सपाता काढून बूट घालत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नंतर घड्याळ पाहिलं.

"हरकत निकालानंतर अर्ध्या तासात घ्यायची असते, मातुश्का. आता दहा मिनिटं वर झालीत. अर्ध्या तासानंतर कागदावर जे आहे, तेवढीच तुमची उडी."

"पण साहेब, मी मारलीय ती. तुमच्या डोळ्यांसमोर मारलीय."

"मी पाहिली. सुंदर होती." त्यांनी नाडी बांधली. "तो अर्धा तास तुम्ही करत काय होतात?"

उत्तर साहेबांनीच दिलं, "हां, भाषण. छान बोललात हो. मला खरंच वाईट वाटतंय." आणि त्यांची गाडी चुकायला नको म्हणून ते निघाले.

लुबोर परत आला. सेदा काचेची ढाल उगाचच रुमालाने पुसत होता. "बदलून आणू का रे?" तो म्हणाला. "पण काचेवरचं खोडता येत नाही म्हणतात."

"राहू दे." लुबोर रबरावर मधोमध उभा राहिला, हातात सपात. त्याचा आवाज चढला. "मला एवढंच सांगा. काठीला सपात घालायची ही अक्कल कुणाची?"

सेदाने मान खाली घातली. व्हावर्काकांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. काल्बोवाबाईंना मात्र आडपडदा ठेवायची सवय नव्हती.

"तुझीच की," त्या म्हणाल्या. "मला तर बाई आवडली होती."

बाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि त्यांची नजर पुन्हा खाली, त्याच्या खिळ्यांच्या बुटांवर येऊन थांबली.

"आणि ते बूट काढ आधी," त्या म्हणाल्या. "रबरावर खिळे फक्त उडी मारणाऱ्यांना. तू आत्ताच सगळ्यांसमोर निरोप घेतलास ना?"

लुबोरने एकदा सेदाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग तो गादीच्या कडेवर बसला, नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले. बाईंनी टोपलीतून उजवी सपात शोधून दिली. डावी त्याच्या हातातच होती.

ती घालून तो उभा राहिला. मापाला अगदी बरोबर बसली होती.