तिसऱ्या पट्ट्यातला दगड

मोजणीदारांनी धनुष्यावरची साइट काढून खणात टाकली, तेव्हा निवड चाचणीला सतरा दिवस उरले होते.

साइट म्हणजे नेम धरायची बारीक खूण. अलीकडे ही खूण स्पष्ट दिसली की लक्ष्य पुसट व्हायचं आणि लक्ष्य दिसलं की खूण नाहीशी. क्लबच्या संघातली अकरा वर्षांची जागा जायच्या बेतात होती, आणि ती घेणारं माणूस घरातलंच होतं. दोन वर्षांपूर्वी केवळ सोबत म्हणून धनुष्य हाती घेतलेली त्यांची बायको गुणांच्या यादीत त्यांच्या लगेच खाली होती. संघात रिकामी जागा एकच होती.

"नव्या पद्धतीत लक्ष्याकडे बघायचंच नाही," मोजणीदारांनी बायकोला समजावलं. "जमिनीवर एक खूण ठेवायची, बाणाचं टोक तिच्यावर धरायचं आणि सोडून द्यायचा."

"मग कुठे लागला ते कळणार कसं?"

"नंतर चालत जाऊन बघायचं."

तीस मीटरच्या तिसऱ्या पट्ट्यात, बरोबर मधोमध, त्यांनी चुना लावलेला दगड ठेवला. पहिल्या दिवशी सहापैकी चार बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसले. दुसऱ्या दिवशी सगळे लक्ष्याच्या डोक्यावरून गेले. तिसऱ्या दिवशी अलीकडेच जमिनीत घुसले. मोजणीदारांनी धनुष्याची दोरी बदलली, मग चष्मा बदलला, मग संध्याकाळचा चहा सोडला.

"अहो, दगड हललाय," बायको म्हणाली.

"पंचवीस वर्षं जमिनी मोजतोय मी. दगड आपणहून हलत नाही. माणसं हलवतात."

"मग त्या माणसाला विचारा की."

तो माणूस म्हणजे मैदानाचा माळी.

"गवत कापताना उचलतो, साहेब. पण परत तिथंच ठेवतो."

"तिथंच म्हणजे कुठे?"

"तिथंच. जवळपास."

'जवळपास' हा शब्द मोजणीदारांनी आयुष्यात एकाही नकाशावर लिहिला नव्हता. त्यांनी टेप लावून जागा काढून दिली आणि माळ्याने दगड सिमेंटमध्ये बसवला.

"आता भूकंप झाला तरी हलायचा नाही, साहेब."

पुढचे आठ दिवस त्यांचा एकही बाण पिवळ्याबाहेर गेला नाही. चहा पुन्हा सुरू झाला.

चाचणीच्या सकाळी दोघांनी एकाच डब्यातले लाल पिसांचे सहा-सहा बाण वाटून घेतले.

"यांच्यावर नावं घालायची ना?" बायकोने विचारलं.

"एका घरात कसली नावं?"

मैदानावर पंचांनी जाहीर केलं, "तिसऱ्या पट्ट्यात कुणीतरी पक्कं बांधकाम केलेलं आहे. तो पट्टा बंद." चिठ्ठ्या टाकल्या. बायकोला दुसरा पट्टा आला, मोजणीदारांना चौथा. शेजारच्या पट्ट्यातला दगड तिथूनही स्वच्छ दिसत होता. मोजणीदार किंचित डावीकडे वळले, टोक दगडावर धरलं आणि पद्धतीप्रमाणे लक्ष्याकडे न बघता सहाही बाण सोडले. हात इतका स्थिर त्यांना कधी वाटला नव्हता.

चौथ्या पट्ट्यातून तिसऱ्याच्या मध्यावर रोखलेली रेषा पुढे वाढवली की दुसऱ्यात जाते. हे त्यांनी आजवर शेकडो शेतकऱ्यांना काठीने आखून दाखवलं होतं.

बायकोच्या लक्ष्यावर बारा बाण होते. सहा पिवळ्यात, सहा तांबड्या-निळ्यात विखुरलेले.

"पिवळ्यातले माझे," मोजणीदार म्हणाले.

"खूण काय?" पंचांनी विचारलं.

मोजणीदारांनी बायकोकडे बघितलं. "तुला दिसत होतं ना? बोलली का नाहीस?"

"रेषेवर उभं असताना बोलायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

पंचांनी नियमांची वही उघडली. "बाण जास्त असले आणि ओळखू येत नसले, तर कमी गुणांचे सहा धरायचे. बाईंचे एकोणचाळीस. तुमच्या लक्ष्यावर असतील तेवढे तुमचे."

सगळ्यांनी चौथ्या लक्ष्याकडे बघितलं. त्याच्यावर जुनं भोकसुद्धा नव्हतं.

वहीत बायकोचं नाव चढलं. ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, लागले मात्र अगदी सुरेख."

मोजणीदार धनुष्याची दोरी उतरवत होते. तेवढ्यात माळी लगबगीने आला.

"साहेब, हलला नाही ना दगड?"

मोजणीदारांनी दगडाकडे नीट बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "दगड जागेवर आहे."