बोलू का, वकीलबाई?

या हॉस्पिटलला यापुढे कोर्टाचं तोंड बघावं लागणार नाही, असं वकीलबाईंनी रुजू व्हायच्या दिवशी सकाळीच घरात जाहीर करून टाकलं. नवऱ्याने नुसती मान डोलावली, कारण त्याच्या तोंडात टूथब्रश होता. बाईंनी तो पाठिंबा समजला.

त्यांचा उत्साह उतू जात होता आणि ते साहजिकच होतं. इतकी वर्षं त्या एका बड्या वकिलांच्या हाताखाली होत्या. तिथे खटला साहेबांचा, नाव साहेबांचं, आणि फायलींचं ओझं तेवढं बाईंचं. आता मात्र एका मोठ्या हॉस्पिटलने पहिल्यांदाच स्वतःचा वकील नेमला होता आणि ती वकील म्हणजे त्या! स्वतंत्र खोली, दारावर पाटी, फिरती खुर्ची. दवाखान्यात वकिलाचं काय काम, सलाइन लावणार का, असं जुन्या साहेबांनी विचारलं होतं. त्यावर बाईंनी ऐकवलं होतं की तुम्ही आग लागल्यावर बंब घेऊन धावता, मी काडीच पेटू देणार नाही. हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की ते त्यांनी सासूबाईंनाही ऐकवलं आणि लिफ्टमधल्या एका अनोळखी गृहस्थांनाही.

काडी पेटू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या डॉक्टरांची सभा घेतली. यंत्रांच्या खरेदीचे करार टेबलावर वाट बघत होते, ते तसेच राहिले. सभागृहात उभ्या राहून बाई अशा काही कडाडल्या की मागच्या रांगेत डुलक्या घेणारे भूलतज्ज्ञसुद्धा जागे झाले.

"तुमच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो. पेशंटला कसलंही आश्वासन देऊ नका. जरा जरी शंका आली, तरी गप्प बसा आणि मला विचारा."

हाडांचे डॉक्टर पूर्वी एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आले होते. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. आपलं भाषण काळजाला भिडलं, असा अर्थ काढून बाई तरंगतच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स खाली ठेवेपर्यंत फोन खणखणला. मेट्रन होत्या.

"बाई, हाडांचे डॉक्टर बोलत नाहीयेत."

"कुणाशी?"

"कुणाशीच. आणि त्यापायी इथे माणसं रडायला लागलीत. तुम्ही येता का जरा?"

झालं होतं ते असं. हाडांच्या वॉर्डात एक आजी होत्या. घरात घसरून पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. सकाळी डॉक्टर बघायला आले तेव्हा आजींनी विचारलं की मी पुन्हा चालेन ना. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की त्याविषयी मला काही बोलता येणार नाही. आजींनी एक सुस्कारा टाकला, थोरल्या लेकाला फोन लावला आणि सगळ्यांना शेवटचं भेटून जायला सांगितलं.

बाई वॉर्डाकडे निघाल्या, पण त्यांना खोलीच्या दारातून बाहेर पडता येईना. कारण दारापुढे भली मोठी रांग लागली होती. भाषण एकट्या हाडांच्या डॉक्टरांना भिडलं नव्हतं. एक नवा कोरा बाप घाम पुसत उभा होता. मुलगा झाला की मुलगी, असं त्याने विचारलं, तर बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी 'बाळ झालेलं आहे, एवढं मान्य' असं उत्तर देऊन काढता पाय घेतला होता. त्याच्यामागे मोतीबिंदूवाले काका होते. डॉक्टरांनी पट्टी काढून किती बोटं दिसतात ते विचारलं होतं, काकांनी तीन सांगितली होती. पण ते बरोबर की चूक, हे डॉक्टर सांगायलाच तयार नव्हते. आणि प्रत्येकाला शेवटी एकच सांगण्यात आलं होतं, बाईंना विचारा.

एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांना जिला विचारल्याशिवाय तोंड उघडता येत नाही, ती बाई केवढी निष्णात असेल! रांगेत तोवर बातमी पसरली होती की या परदेशातून आल्यात आणि नुसत्या चेहऱ्यावरून रोग ओळखतात. बाई समोर दिसताच पहिल्या माणसाने जीभ बाहेर काढली. मी वकील आहे, असं बाईंनी ओरडून सांगितलं. त्यावर मागून एक आवाज आला, "बघा, किती साध्या आहेत."

बाई कशाबशा वाट काढत वॉर्डात पोचल्या. तिथे आजींच्या खाटेभोवती लेक, सुना, जावई, नातवंडं असं अख्खं गोत जमलं होतं. धाकटी सून भिंतीला टेकून हुंदके देत होती. थोरल्या लेकाने निर्णय घेऊन टाकला होता. इथले डॉक्टर काहीतरी लपवताहेत, तेव्हा आईला आत्ताच्या आत्ता दुसरीकडे हलवायचं. गाडी खाली उभी होती आणि दोन जावई बाह्या सरसावून आजींना उचलायच्या तयारीत होते.

कालच जोडलेला खुबा आणि हे दोघे त्यांना गाडीत कोंबणार! काडी विझवायला निघालेल्या आपण वणवाच पेटवला, हे त्यांना लख्ख दिसलं. आता नोकरी जाते की राहते याचा विचार करायलाही सवड नव्हती. त्या जावयांच्या आणि खाटेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि आधी माझं एक ऐका म्हणाल्या. मग कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी दंडाला धरून पुढे आणलं.

"डॉक्टर, मी येण्याआधी तुम्ही आजींना काय सांगितलं असतंत?"

डॉक्टर घुटमळले. "बोलू का, वकीलबाई?"

"बोला. चूक माझी होती. वचन देऊ नका एवढंच मला म्हणायचं होतं. जे ठाऊक आहे ते सांगायला कोण अडवतंय?"

डॉक्टरांनी एक मोठा श्वास घेतला. "आजी, हाड छान बसलंय. उद्या तुम्हाला उभं करू. आधी वॉकर, मग काठी. जिन्याचं मात्र इतक्यात नाव काढायचं नाही."

आजींनी डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग हे सकाळीच बोलायला काय झालं होतं? मी तर दागिने वाटूनही मोकळी झाले."

हे ऐकताच धाकट्या सुनेचं रडणं आणखी वाढलं, पण त्याचं कारण वेगळं असावं. गाडी परत गेली. दोन्ही जावयांनी बाह्या खाली केल्या.

संध्याकाळी बाईंनी पुन्हा सभा घेतली आणि या वेळी अजिबात कडाडल्या नाहीत. पेशंटला मोकळेपणाने, नीट समजावून सांगा. जितकं नीट सांगाल तितके तुम्ही सुरक्षित, असं त्यांनी पटवलं. हाडांच्या डॉक्टरांनी मान हलवून हलवून दाद दिली. दोन-तीन दिवसांत वॉर्डावॉर्डांतून बोलण्याचे आवाज येऊ लागले, दारापुढची रांग नाहीशी झाली, आणि संचालक मॅडमनी बोलावून सांगितलं की तुमची नेमणूक आता कायम समजा. बाई जवळजवळ पळतच खोलीत आल्या. नवऱ्याला फोन लावणार, तेवढ्यात दारात टक्-टक् आवाज झाला. वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत आजी आत येत होत्या.

बाईंना गहिवरून आलं. त्यांनी धावत जाऊन खुर्ची पुढे केली. आजी जपून बसल्या, दरवाजा नीट लागलाय ना ते वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, सकाळपासून तो तुमचा डॉक्टर मला माझं हाड समजावून सांगतोय. आधी कागदावर काढून दाखवलं, मग प्लॅस्टिकचा सांगाडा घेऊन आला. आता म्हणतो, जेवण झाल्यावर गुडघ्याकडे वळू. माझा गुडघा चांगला आहे हो! त्याला गप्प बसवायचं एखादं कलम आहे का तुमच्याकडे?"