तहानलेली परसबाग

पालकसभेत गोकुळ सरांनी हात जोडून विचारलं, "शाळेच्या बागेसाठी रोज एक कॅन पाणी कोण कोण देऊ शकेल?" आणि वर्गात बसलेले सगळे पालक एकदम माना वर करून पंख्याकडे बघायला लागले. जानेवारीचा महिना होता. पंखा बंद होता.

"साहेबराव, तुम्ही?"

"देलं असतं सर, पण आमच्या टाकीचा तळ दिसायलाय. खोटं कशाला बोलू!"

"फारूखभाई?"

"क्या बताऊं सर, घरात पाव्हणे आलेत. प्यायचेच वांधे, बागेला कुठून आणू?"

गोकुळ सर समजायचं ते समजले. नळ आठवड्याने येणाऱ्या या शहरात माणूस घरातले दागिने कुठे ठेवलेत ते एक वेळ सांगेल, पण टाकीत पाणी किती आहे ते सख्ख्या भावालाही सांगणार नाही. सांगितलं की संध्याकाळी अख्खी गल्ली बादल्या घेऊन दारात उभी. त्यामुळे इथे कुणाच्याच घरी पाणी नसतं, आणि तरीही सगळ्यांच्या आंघोळी होतात.

खरं तर पालक मागे हटणारे नव्हते. फारूखभाईंनी आपल्या टेम्पोतून चितेगावच्या पुढून काळी माती आणून टाकली होती. साहेबरावांनी सुट्टीच्या दिवशी वाफे पाडून दिले होते. तिसरीच्या पोरांनी मेथी पेरली, टोमॅटो-वांग्याची रोपं लावली आणि प्रत्येक रोपाशी आपल्या नावाची पाटी खोचली. जी पोरं पुस्तक उघडायला कंटाळायची, ती रोज सकाळी बागेत उकिडवी बसून एकमेकांची नावं मोठ्याने वाचायची. तेव्हापासून सरांचा जीव त्या बागेत अडकला होता.

पण मुख्याध्यापिका अनवरी मॅडम व्यवहारी बाई. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "हे बघा गोकुळ सर, सव्वीस जानेवारीला मुलांच्या ताटात या बागेतली भाजी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तिथे पेव्हर ब्लॉक. एका माजी विद्यार्थ्याने देऊ केलेत. धूळ तरी बसेल."

म्हणून सरांनी कंबर कसली. कुणी देत नाही तर आपण देऊ. रोज स्कूटीवर पायांपाशी एक कॅन ठेवून ते घरून निघू लागले. त्यांची बायको सोनिया तिसऱ्या दिवशी दारात आडवी उभी राहिली.

"आंघोळीचं पाणी बागेला अन् तुम्ही पावडर लावून शाळेत! टोमॅटो तरी तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसत असतील."

"अगं, त्यांना माझ्याशिवाय कोण आहे?"

हाच प्रश्न सभेच्या रात्री आणखी बऱ्याच घरांत पडला होता. सभेत पंख्याकडे बघितलेली माणसं घरी गेली. जेवताना लेकरं आपापल्या नावाच्या रोपांचं सांगत होती. दुसऱ्या दिवशी कंपनीतली रात्रपाळी संपवून आल्यावर साहेबरावांनी घरून कॅन उचलला आणि कुंपणावरून हळूच वांग्याच्या वाफ्यात रिकामा केला. गल्लीत कळू नये म्हणून वर पोतं झाकलं होतं. फारूखभाईंनी दुकान बंद केल्यावर तेच केलं. तिसरीतल्या संस्कृतीची आई प्रेरणाताई तिला शाळेत सोडताना पिशवीत दोन जास्तीच्या बाटल्या आणू लागली. असे आणखीही कितीतरी. प्रत्येकाला वाटत होतं, सगळी गल्ली कोरडी आहे, बाग आपल्या एकट्याच्या जिवावर जगतेय.

सरांना एकदा जरा शंका आली. सकाळी वाफ्यात पाय ठेवला तर चप्पल आतच राहिली. पण बाग भिजवणारं दुसरं कुणी असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "यंदा दव लईच पडायलंय," ते खिचडी शिजवणाऱ्या सरूबाईंना म्हणाले.

"व्हय सर," सरूबाई म्हणाल्या, "रातच्याला बेडकं बी ओरडत्यात म्हणं."

"चांगलं असतं ते बागेला."

आणि मग पानं पिवळी पडायला लागली.

 सरांनी साहेबरावांना बोलावून घेतलं, कारण साहेबराव पाचोडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे चिरंजीव. साहेबरावांनी पान चोळलं, वास घेतला आणि मान हलवली. "सर, रोप तहानलंय. पाणी कमी पडायलंय." यात त्यांचा काही दोष नव्हता. पीक पिवळं पडायला दुसरं कारण असू शकतं, असा प्रसंग त्यांच्या घराण्यात कधी आलाच नव्हता.

ही बातमी गल्लीत पसरली. साहेबराव एकाऐवजी दोन कॅन आणू लागले. फारूखभाईंनी घरातला कूलर पुसून ठेवताना त्यातलं जुनं पाणीही आणलं. सरांनी कपडे दोन दिवसांआड धुवायची सवय लावून घेतली. बाग आणखी पिवळी झाली. म्हणून सगळ्यांनी आणखी पाणी घातलं.

पंचवीस तारखेला रविवार होता. आदल्या दिवशीच नळ येऊन गेला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी शाळेत चिटपाखरूही नसणार, असा प्रत्येकाने आपापला हिशेब केला. गोकुळ सर दोन कॅन घेऊन बागेत शिरले, तर समोर साहेबराव. हातात कॅन.

"मी... आपला फिरायला आलतो, सर."

"कॅन घेऊन?"

तेवढ्यात मागून फारूखभाईंचा टेम्पो आला. त्यात चार कॅन. पाठोपाठ पिशवी सावरत प्रेरणाताई. मग एकेक करून आणखी सात-आठ जण. सगळे एकमेकांच्या हाताकडे बघत उभे राहिले.

वाचा फुटली साहेबरावांना. "काहो फारूखभाई, परवा माझ्या मेव्हण्याला पाय धुवाया एक बादली मागितली, तर काय म्हणलात? भिंतीला भिंत हाय आपली!"

"और तुमी? 'तळ दिसायलाय' म्हणे! ये कॅन क्या तळ में से निकाले?"

"अन् प्रेरणाताई," साहेबराव तिकडे वळले, "तुम्ही तर माझ्याकडून प्यायला तांब्याभर पाणी नेलं की!"

"ते वेगळं हो भाऊ. हे लेकरांच्या बागेचं होतं."

भांडण रंगात येणार, एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि अनवरी मॅडम उतरल्या.  मॅडम दोन पावलं आत आल्या, गर्दी बघून थबकल्या आणि हातातली वस्तू पदरामागे घेऊ लागल्या. वस्तू मोठी होती, पदर पुरेना.

"मी पेव्हर ब्लॉकसाठी जागेचं माप घ्यायला आले," त्या म्हणाल्या. कॅनने माप कसं घेतात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग सरांनी खाली वाकून एक टोमॅटोचं रोप धरलं. ते नुसतं हातात आलं. मूळ कुजून काळं पडलं होतं. दुसरं धरलं, तेही आलं. मेथीचा तर चिखल झाला होता. ज्या शहरात तांब्याभर पाण्यासाठी भावाभावांत अबोला होतो, तिथे ही एवढीशी बाग पाण्यात बुडून मेली होती. सर वाफ्याच्या बांधावर मटकन बसले. तोही बांध ओलाच होता.

"सर, चुकलं आमचं," साहेबराव हळूच म्हणाले.

सरांनी वर बघितलं. समोर पंख्याकडे बघणारी ती सगळी माणसं उभी होती. कुणाच्या शर्टाची बाही भिजलेली, कुणाच्या खांद्याला वळ. स्वतःच्या घरातलं पाणी चोरून आणून दुसऱ्यांच्याही लेकरांच्या रोपांना घालणारी ही माणसं, आणि आपण इतके दिवस मनात त्यांना कंजूष म्हणत होतो! सरांना रडू आलं आणि हसूही आलं. ओली पँट झटकत ते म्हणाले, "चुकलं कुणाचंच नाही. तुमचे उपकार कसे फेडू तेवढं सांगा."

"उपकार राहू द्या," अनवरी मॅडम म्हणाल्या, "उद्या ताटात काय वाढणार? मी सगळ्या शाळेसमोर बोलून बसलेय. मला शब्द फिरवता येणार नाही." त्यांचा आवाज मात्र शब्द फिरवायला काही सापडतंय का, असा होता. त्यांची नजर बागेभर फिरली आणि हात धुवायच्या नळामागच्या कोपऱ्यात थांबली. "ते काय आहे?"

तिथे पोरांच्या छातीएवढी उंच हिरवीगार पानं डुलत होती.

"आळू हाय मॅडम," उद्याच्या स्वयंपाकासाठी डाळ निवडायला आलेल्या सरूबाई म्हणाल्या. "भांडे धुतल्यालं पाणी जातंय म्हणून दोन गड्डे टोचले होते. पाणी वाहून वाहून तिकडंच जायलंय ना सगळं. लई माजलंय."

"भाजीच आहे ना?"

"भाजीच की!"

त्या रविवारी कुणी घरी गेलं नाही. बापांनी चर खणून बागेतलं पाणी काढलं, आया पानं चिरायला बसल्या. आणलेले कॅन बागेत नव्हे, सरूबाईंच्या पातेल्यांत रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर चिंच, गूळ आणि हरभऱ्याची डाळ घातलेली अळूची भाजी पुऱ्यांबरोबर पोरांच्या ताटात पडली. अनवरी मॅडमनी दोनदा मागून घेतली आणि हात धुता धुता म्हणाल्या, "ते पेव्हर ब्लॉक फाटकाशी टाकू. तिथे धूळ जास्त आहे."

फेब्रुवारीच्या पालकसभेत गोकुळ सर आभार मानायला उभे राहिले. भाषण पाठ करून आले होते, पण ऐनवेळी सगळं विसरले. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरं नवीन मेथी पेरणार आहेत. फाटकाशी ड्रम ठेवलाय, पाणी त्यातच टाकायचं. तर रोज एक कॅन कोण कोण देईल?"

सगळे पालक माना वर करून पंख्याकडे बघायला लागले. शेजारच्या खुर्चीवरच्या अनवरी मॅडमसुद्धा.

सरांनी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना हात जोडले. "बास, बास," ते म्हणाले, "एवढ्यात भागेल. जास्त आणू नका."