‘मौन’ तेलाचा करारनामा

कुलूपवाल्याने करारनामा पुढे ठेवला तेव्हा त्याची बायको उशीच्या अभ्र्याला टीप मारत होती.

"सही कर," तो गंभीरपणे म्हणाला. "धंद्याचा प्रश्न आहे."

धंदा जेमतेम तीन आठवड्यांचा होता. बायको शिलाई मशीनसाठी घरीच तीन डब्यांतली तेलं मिसळून एक तेल बनवायची. त्याचे दोन थेंब त्याने आपल्याच कुरकुरणाऱ्या पुढच्या दाराला घातले आणि ते दार जे गप्प झालं ते गप्पच राहिलं. त्याने तेलाचं नाव ‘मौन’ ठेवलं आणि बाटल्या दुकानात मांडल्या. मग समोरच्या हार्डवेअरवाल्याने एका दिवसात तीन बाटल्या नेल्या आणि तो तेलाची नक्कल करणार असा याला संशय आला. त्या माणसाकडे एवढी दारंच नव्हती.

करारात लिहिलं होतं, ‘तेलाचं प्रमाण मी कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगणार नाही.’ ‘कोणालाही’च्या खाली दोन रेघा होत्या. बायकोने कागद दोनदा वाचला, सही केली आणि पुन्हा मशीन चालू केलं. ती रागावली आहे हे कोणालाही कळलं असतं, फक्त त्याला कळलं नाही.

आठवड्याने वकीलबाई पेटंटचा अर्ज घेऊन घरी आल्या. हार्डवेअरवाल्यानेही वकील गाठल्याची कुणकुण होती, म्हणून अर्ज आजच जायला हवा होता.

"प्रमाण सांगा. इथे लिहावं लागतं."

"अहो बाई, ते गुपित आहे."

"सरकारला सांगितल्याशिवाय सरकार तुमचा हक्क राखणार कसा?"

जन्मभर लोकांची कपाटं बंद ठेवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. त्याहून वाईट म्हणजे प्रमाण त्याला ठाऊकच नव्हतं. डबे तीन आहेत एवढंच त्याला माहीत होतं.

"अगं, प्रमाण सांग जरा."

मशीन थांबलं. "सांगता येणार नाही."

"मलासुद्धा?"

"‘कोणालाही’ लिहिलंय. रेघा तुम्हीच मारल्यात."

"अगं, पण मी मालक आहे."

"तेही लिहिलंय. तुम्ही ‘मालक व निर्माता’, मी ‘मदतनीस’. मदतनिसाला काय कळतंय प्रमाणातलं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. "सोळा वेळा बिघडलं, तेव्हा कुठे जमलं मला ते."

त्याने हट्टाने आत जाऊन तिन्ही डब्यांतलं थोडं थोडं मिसळलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीला लावलं. कपाट असं किंचाळलं की बाहेर वकीलबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

तो खाली मान घालून परत आला. त्याने करारनाम्यावरचं ‘मदतनीस’ खोडलं. अर्जात ‘शोध लावणाऱ्याचे नाव’ असं होतं, तिथे सुवाच्य अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. त्याला मनापासून लाज वाटत होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

बायकोने डोळे पुसले. "सांगते आता. वकीलबाईंना. तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी कशाला?"

"वकीलबाई गुपित राखायला बांधलेल्या आहेत. तुम्ही कुठे सही केलीय?"

तो निमूटपणे बाहेर आला. निदान कानावर काही पडेल म्हणून मागे वळला, तर पुढचं दार जराही न कुरकुरता केव्हाच लागलेलं होतं.