साळवे डॉक्टरांचा दहावा फॉर्म

साळवे डॉक्टर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. वाक्य अर्धं, नजर समोरच्या भिंतीवर, चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा. नवखा माणूस घाबरायचा. आम्ही वर्गातल्या बायका मात्र मनात दहा आकडे मोजायचो. दहा झाले की डॉक्टर मोठा श्वास सोडायचे आणि अर्ध्या वाक्याचं शेपूट धरून पुढं चालू.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम होता तो. बाळंतपणानंतर, नाहीतर पाळी जायच्या वयात पुष्कळ बायकांना लघवी रोखता येत नाही, त्यांना हा सांगतात. आमच्या मॅडमनी दुसऱ्याच तासाला शिकवला आणि साळवे डॉक्टरांनी तो मनावर घेतला.

"स्वतः केल्याबिगर पेशंटला कोणत्या तोंडानं सांगायचं? सायन्सला लाज नाय, सिस्टर!"

नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी स्त्री-आरोग्याचा पदव्युत्तर डिप्लोमा होता आमचा. शनिवार-रविवार, संभाजीनगरला. वर्गात नर्सेस, फिजिओथेरपिस्ट, दोन-तीन लेडी डॉक्टर अशा आम्ही तेवीस बायका, आणि चोविसावे साळवे. वय बावन्न, गंगापुरात पंचवीस वर्षांचा दवाखाना. पहिल्या दिवशी शिपायानं त्यांना दारातच अडवलं. "मिसेसना सोडायला आलात का? बाहेर बसा." डॉक्टर मुकाट्यानं अर्धा तास बाहेर बसले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, नियम असंल."

हजेरीत त्यांच्यानंतर माझं, म्हणजे चितेगावच्या एका दवाखान्यातल्या स्टाफ नर्सचं, नाव होतं. म्हणून प्रोजेक्टला ते माझ्या वाट्याला आले. चाळिशीपुढच्या दहा बायकांना भेटून फॉर्म भरायचे होते. गंगापूरला जाताना जीपमध्ये त्यांनी आपला व्यायाम सुरू केला. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि दचकला.

"डॉक्टरसाब, तबियत ठीक है ना? गाडी साइडला घेऊ का?"

दहा आकडे होईपर्यंत डॉक्टर काही बोलेनात. झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरसकट अख्ख्या जीपला व्यायाम समजावून सांगितला. "गंमत अशी की करणाऱ्यालाच कळतं. शेजारच्याला पत्ता नाय!" त्यानंतर दोन किलोमीटर जीपमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

कॉलेजच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'खोकताना अथवा शिंकताना अनैच्छिक मूत्रस्राव होतो का?' पहिल्या बाईनं तो ऐकून "आमच्यात तसलं काय नसतंय" म्हणून टाकलं. डॉक्टरांनी पेन काढलं, प्रश्न खोडला आणि वर लिहिलं, 'खोकलं-शिंकलं की लुगडं ओलं व्हतं का?' बाई पदर तोंडाला लावून हसली. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "लई व्हतं हो, डॉक्टर."

तशा नऊ बायका बोलत्या झाल्या. दहावी ऐनवेळी लेकीकडं निघून गेली.

"आमच्या घरी चला," डॉक्टर म्हणाले. "आमची मंडळी दहावी. तिला काय बी त्रास नाय, दोन मिनिटांत उरकंल."

नातेवाइकानं प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम होता. डॉक्टर ओट्यावर जाऊन बसले. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात. शालिनीवहिनी हसतमुख बाई. मी डॉक्टरांच्या भाषेत प्रश्न विचारला आणि 'नाही'वर खूण करायला पेन टेकवलं.

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"धाकटीच्या वक्तापासून. एकोणीस वर्षं झाली. लग्नाला गेलं की मी भिंतीकडंला बसते. एसटीत तर बसतच नाय. ह्यांना वाटतं, मला घर लई आवडतं."

"डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"कधी सांगू? दवाखान्यात बायकांची रांग. घरी आल्यावर त्याच बायकांच्या गोष्टी. माझा नंबरच लागला नाय बघा."

मी पेन खाली ठेवलं. "वहिनी, हे फॉर्म डॉक्टर वाचणार आहेत. लिहू का नको?"

त्यांनी बाहेर, ओट्याकडं बघितलं. डॉक्टर शेजारच्याला काहीतरी समजावत होते.

"लिहा. तोंडानं सांगितलं तर हे मधीच इलाज सुरू करतात. कागदाला मधी बोलता येत नाय. वाचू द्या."

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सगळं निल ना? काय बी त्रास नाय ना?" मी फॉर्म त्यांच्या हातात दिले आणि जीप गाठली.

पुढच्या शनिवारी डॉक्टर आले, पण तासभर एकही शंका विचारली नाही. मॅडमनीच दोनदा विचारलं, "साळवे, बरे आहात ना?" मधल्या सुटीत कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले.

"सिस्टर, तिला कसं इचारू?"

"बाकीच्यांना विचारलं तसंच."

"बाकीच्या लोकांच्या बायका व्हत्या," डॉक्टर म्हणाले. कपातल्या चहावर साय धरली तरी तो तसाच होता. "ही एकोणीस वर्षं मी तिच्याच हातचं जेवतोय. काय म्हणून इचारू?"

मीही माझा चहा थंड होऊ दिला.

पुढची गोष्ट मला वहिनींनी फोनवर सांगितली. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि त्यांना आत बोलावलं. पेशंटच्या स्टुलावर बसवलं. नवा केसपेपर घेतला. नाव विचारलं, वय विचारलं.

"मी म्हटलं, नाव ठाव नाय व्हय? तर म्हणले, 'पेशंटनं सांगावं लागतं.' मग म्हणले, 'तक्रार?' मी सांगाया लागले. अगदी पहिल्यापासून. कागद भरला तसा त्यांनी दुसरा घेतला. मधी एक शब्द बोलले नाय हो. नुसते लिहीत व्हते. डोळे पुसले, परत लिवलं."

सोमवारी ते दोघं शहरातल्या बाईडॉक्टरकडं जाऊन आले. ऑपरेशनची गरज नव्हती. व्यायाम आणि थोडं औषध, तीन-चार महिन्यांत फरक पडेल, असं त्या म्हणाल्या.

"आणि त्या दिवशी, सगळं लिहून झाल्यावर?" मी विचारलं.

"उठले आन् स्वतः चहा करून आणला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तिथंच स्टुलावर बसून प्यायलो दोघं." वहिनी फोनवर हसत होत्या. "लई गोड केला व्हता, पाकच म्हणा. पण मी काय बोलले नाय. म्हटलं, एका दिवसाला एक तक्रार बास."