नानांच्या गाडीला धडकलेली माणसं

तुमच्या उभ्या गाडीला कुणी ठोकलं, तर तुम्ही आधी काय करता? शिवी देता की पैसे मागता? अंजूरचे नाना भोईर दोन्ही करत नाहीत. ते ठोकणाऱ्याला गॅरेजवर नेतात आणि चेपलेला पत्रा सरळ होईपर्यंत शेजारी बसवून ठेवतात.

मला हे स्वतःवर आल्यावर कळलं. मानकोली नाक्यावर, धुक्यात, माझ्या मोटरसायकलचं हँडल त्यांच्या गाडीच्या दरवाजावर आपटलं. गाडी अर्धी रस्त्यात, तिरकी उभी होती. रस्ता सगळ्यांचा असतो या विषयावर माझं भाषण तयारच होतं. गोदामांना जमिनी विकून गाड्या घेणाऱ्यांवर मी एक पत्रकही काढलं होतं. काच खाली आली. कानटोपीतून नाना म्हणाले, "तुजी चूक का माजी, ते बघू गॅरेजवर. चाय घेतोस ना?"

भिवंडीतलं सलीमभाईंचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे उन्हाचा एक पट्टा. त्या उन्हात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एक नानांची, दुसरी गुन्हेगाराची. मी खिशात हात घातला, तर नाना दुखावले. "मना पैसं नको. तू बस."

मी बसलो. सलीमभाई हातोडी मारत होते आणि नाना चौकशी करत होते. आई काय करते, मामा कुठला, लग्न का अडलंय, सुकी मासळी खातोस का. दर ठोक्याला एक प्रश्न. मग डबा निघाला. तांदळाच्या भाकऱ्या दोघांपुरत्या होत्या. सकाळी निघतानाच तशा बांधून घेतलेल्या.

संध्याकाळ झाली तरी सुटका नव्हती. "लांबी भरलीय पत्र्यावर," रंगाआधी भरलेल्या पुटीकडे बोट दाखवत नाना म्हणाले. "थंडीत ती लवकर वालत न्हाय."

आतून सलीमभाई ओरडले, "नाना, लड़के को जाने दो, कब की सूख गई!"

"तू तेरा काम कर ना!"

सलीमभाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. पावसाळ्यात रंगाचं काम होत नाही, उन्हाळ्यात शेडपुढे बसवत नाही, त्यामुळे नानांच्या गाडीला अपघात फक्त थंडीत होतात. माझ्याआधी एक टेम्पोवाला, बँकेतल्या एक बाई आणि लूमवर शिफ्टला निघालेले दोघे भाऊ त्या खुर्चीत बसून गेले होते. टेम्पोवाल्याने पुढे नानांना मुलीच्या बारशाला बोलावलं.

मी याकडे तत्त्वाने पाहिलं. पोलीस नाही, कोर्ट नाही, भरपाई नाही. दोन्ही पक्ष एका उन्हात. हा जनतेचा न्याय होता. त्यावर पत्रक काढायचं ठरवून मी नानांचं मत घ्यायला अंजूरला गेलो.

दारात त्यांचा ठाण्याला राहणारा मुलगा उभा होता. गाडीला नवा पोचा पडला होता आणि कुणीतरी दुसराच ती चालवत बाहेर काढत होता.

"नाना, आता गॅरेजवर ताटकळायचं नाही," मुलगा समजावत होता. "कंपनीचा माणूस घरून गाडी ठाण्याला नेणार, दुरुस्त करून दारात आणून लावणार. सगळं विम्यातून. तुम्ही फक्त आराम करा."

"आनि मी कुठं बसू?"

"घरात!" मुलाने हसून दुमजली बंगला दाखवला. आत कुणीही नव्हतं. थोड्या वेळाने तोही ठाण्याला गेला.

नाना ओट्यावर बसले. समोर गोदामाची लांबलचक भिंत होती. "हितं आमचं खलं होतं," ते म्हणाले. "थंडीत भाताची झोडनी चालायची. ज्याचं भात न्हाय, तो पन येऊन बसायचा. बोलवायला लागायचं न्हाय कोनाला."

मी विचारलं, "नाना, गाडी तिरकी का लावता?"

त्यांनी कानटोपी खाली ओढली. "सरल लावली तर कोन ठोकील?"

पत्रक मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहितोय, कारण गाडी ठाण्याहून चकचकीत होऊन आली आहे आणि काल सकाळी पुन्हा नाक्यावर तिरकी उभी होती. या थंडीत मानकोलीवरून जाणार असाल, तर कृपा करून तिला ठोकू नका. आता ठोकलीत तर गाडी एकटीच दुरुस्तीला जाते आणि नाना घरी राहतात. तुम्ही काचेवर टकटक करा. काच खाली आली की म्हणा, नाना, चला, जरा उन्हात बसू.