हॅल्मर गावची वायर

वीज कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून तिचं काम नेहमी ज्याला दुखवता येत नाही अशाच माणसाकडे द्यावं. मिनेसोटातल्या हॅल्मर गावच्या चर्चला हे शहाणपण फार आधी सुचलं, बरं का.

चर्चच्या जेवणघराचा कारभार आर्डिसकडे. तिचं मागणं एवढंच, की माशांच्या जेवणावळीला कॉफीचे तिन्ही बंब एकदम चालावेत. एरवी तिसरा लावला की फ्यूज उडून अंधार व्हायचा, आणि लोक अंधारात एकमेकांना "नाही नाही, छान वाटतंय" म्हणायचे.

"मी ओढतो की माळ्यावरून नवी वायर," ऑर्व्हिल म्हणाला. जन्मभर बियाणं विकलेला माणूस. आता इलेक्ट्रिशियन बोलवायचा म्हणजे ऑर्व्हिलचा अपमान. आणि अपमान आगीपेक्षा वाईट, असं समितीचं मत पडलं (आग निदान विझते).

माळ्यावरून वायर नेण्याचे नियम आहेत. वाशांना मधोमध भोकं पाडून न्यावी, चढायच्या झडपेपासून लांब ठेवावी, जोड डब्यात बंद करावा, डबा झाकू नये. ऑर्व्हिलने हे सगळं वाचलं आणि ते दुसऱ्यांसाठी आहे अशी खात्री करून घेतली. त्याने वायर वाशांवरून कपड्यांच्या दोरीसारखी टाकली, नेमकी झडपेसमोरून नेली (पायाला सापडावी), क्लिपा ठोकून ठोकून चपटी केली (पळून जाऊ नये), जोडाला चिकटपट्टी गुंडाळली आणि वरून थंडी अडवायला गुडघाभर कापूस पसरला. आता धोका कुठेही दिसत नव्हता. समितीने शिडीखालून पाहणी केली. नव्वद टक्के सभासदांनी काम उत्तम ठरवलं. उरलेले दहा टक्के शिडी धरून होते.

बंब लावून बघितले त्या दिवशी आर्डिस टेबलक्लॉथ काढायला वर चढली. पाय पडला तो वायरीवरच. तिने कापूस बाजूला केला, तर जोड चटका बसेल इतका तापलेला, आणि चिकटपट्टी गुळासारखी ओघळलेली. खाली येऊन तिने भर बैठकीत, गावाला परवानगी असलेलं सगळ्यात कडक वाक्य उच्चारलं: "ऑर्व्हिल, जरा... वेगळंच केलंयस हं."

कुणाच्यातरी हातून चमचा पडला. पास्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

"मग काढून टाकू का? मला काय, टाकतो काढून," ऑर्व्हिल म्हणाला. डोळे पाणावलेले.

"अरे, नको नको!" सगळे ओरडले. त्यात आर्डिसचाही आवाज होता.

जेवणावळीला अख्खं गाव लोटलं. तिन्ही बंब रटरटत होते. मुलांच्या टेबलाच्या बरोबर वर छताला तपकिरी डाग फुटला आणि वाढायला लागला.

"लाकडाच्या धुरासारखा काय छान वास येतोय, नाही?" शेजारची लव्हॉन म्हणाली.

ऑर्व्हिल छताकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत होता, "तिथूनच नेलीय."

आर्डिसने डाग बघितला, मुलं बघितली, ऑर्व्हिलचं फुललेलं तोंड बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं. ते काही जिभेवर येईना. तिने तिन्ही बंबांच्या पिना उपटल्या आणि मोठ्यांदा सांगितलं, "कॉफी संपली!"

हॅल्मरात कॉफी मयताच्या दिवशीसुद्धा संपलेली नव्हती. लोक खाली माना घालून उठले, मुलांना कोट चढवले आणि निघून गेले. पाच मिनिटांत जेवणघर रिकामं. मग छत खाली आलं. (जखमी कुणी नाही. इज्जत एक, तीही आर्डिसची.)

समितीने चौकशी केली आणि दोष उंदरांना दिला, कारण उंदरांना वाईट वाटत नाही. त्या वर्षाला मात्र गाव अजून 'आर्डिसची कॉफी संपली ते वर्ष' म्हणतं.

ऑर्व्हिलला तिची फार दया आली. शिडी घेऊन तो तिच्या दारात उभा. "लोक काय वाट्टेल ते बोलतायत बघ तुला. तुझ्या माळ्यावरून एक वायर ओढून देऊ? घरी तरी बंब नीट चालेल."

आर्डिसने तोंड उघडलं. "कशाला उगाच तुला त्रास," ती म्हणाली.

हॅल्मरात याचा अर्थ 'हो' होतो. तो वर चढलासुद्धा.

हसताय काय? तुमच्या माळ्यावरची वायर कुणी ओढलीय, आठवा जरा. घरातल्याच कुठल्यातरी काकांनी ना? आणि त्यांच्या हातात चहा देताना तुम्ही काय म्हणालात, तेही आठवा. मग एकदा चढा वर, बघून या. शिडी धरायला माणसं भरपूर मिळतील.